सोळाचा सल्ला, अठराचा कायदा

आदिलाबादच्या टॉकीजवर शुक्रवारी नवा पिक्चर लागतो, तेव्हा पोस्टरच्या कोपऱ्यात हल्ली ‘यूए १६+’ अशी अक्षरं दिसतात. इंटरच्या पहिल्या वर्षाला गेलेल्या मुलाला वाटतं, हे आपल्यासाठीच छापलंय. दहावीतल्या त्याच्या बहिणीला वाटतं, आता आपल्याला गेटवर अडवणार. आईवडिलांचाही समज साधारण तोच असतो. प्रत्यक्षात त्या आकड्याच्या जोरावर गेटकीपर तिला अडवू शकत नाही. आईवडिलांबरोबर ती आत जाऊ शकते, आणि तिचा आठ वर्षांचा धाकटा भाऊसुद्धा. ‘१६+’ हा पालकांना दिलेला सल्ला आहे. कायद्याने पाळायलाच हवा असा वयाचा आकडा आपल्या सिनेमात एकच, अठरा. गंमत अशी की तो पोस्टरवर आकड्यात कधीच येत नाही, तिथे नुसतं ‘ए’ लिहिलेलं असतं.

ही सगळी वर्गवारी करतं केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळ, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेलं सेन्सॉर बोर्ड. ‘यू’ म्हणजे सगळ्यांसाठी. ‘ए’ म्हणजे फक्त प्रौढांसाठी. ‘एस’ म्हणजे डॉक्टर वगैरे एखाद्या विशिष्ट वर्गासाठी, तो सामान्य प्रेक्षकाच्या वाट्याला येत नाही. आणि मधला भला मोठा पट्टा म्हणजे ‘यूए’. बहुतेक मोठे तेलुगू-हिंदी पिक्चर याच पट्ट्यात असतात. पूर्वी या पट्ट्यात बाराची एकच रेघ होती: बाराच्या आतल्या मुलांना दाखवायचं की नाही ते पालकांनी ठरवावं. २०२३ च्या दुरुस्ती कायद्याने तिथे तीन रेघा ओढल्या, ७+, १३+ आणि १६+. मार्च २०२४ मध्ये नवे नियम निघाले आणि पाठोपाठ हे आकडे प्रमाणपत्रांवर दिसू लागले. रेघा तीन झाल्या, पण त्यांचं वजन पूर्वीइतकंच राहिलं. हे आकडे शिफारशीपुरते आहेत, असं सरकारनेच स्पष्ट केलेलं आहे.

‘ए’ची गोष्ट निराळी. अठरा पूर्ण न झालेल्या कोणालाही ‘ए’ पिक्चर दाखवणं हा चित्रपट कायद्याच्या कलम ७ खाली गुन्हा आहे.  आणि गुन्हा ठरतो तो दाखवणाऱ्याचा. मुलाला आणणाऱ्या बापाला किंवा खुद्द मुलाला कायदा काही करत नाही. म्हणून ‘माझा पोरगा आहे, मी जबाबदारी घेतो’ असं बापाने कितीही ठासून सांगितलं तरी मॅनेजरला त्याचा उपयोग नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये रजनीकांतचा ‘कुली’ ‘ए’ प्रमाणपत्र घेऊन आला. रजनीकांतचा पिक्चर म्हणजे आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांचा, हा दक्षिणेतला रिवाज. मल्टिप्लेक्सच्या दारातून पोरंबाळं परत जाऊ लागली, तेव्हा निर्माते ‘यूए’ मिळावं म्हणून मद्रास उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने त्यांची मागणी फेटाळली.

दारावरच्या तपासणीलाही पोरं पुरून उरतात. २०१९ मध्ये ‘कबीर सिंग’ लागला तेव्हा मोबाइलमधल्या आधार कार्डाच्या फोटोत जन्मसाल बदलून गेटवर दाखवणाऱ्या अल्पवयीन मुलांच्या बातम्या आल्या होत्या. हा पिक्चर मूळचा तेलुगू ‘अर्जुन रेड्डी’, दिग्दर्शक वरंगलचे संदीप रेड्डी वंगा. २०१७ मध्ये त्यालाही ‘ए’च होतं, आणि त्याचं पोस्टर हैदराबादेत एका ज्येष्ठ काँग्रेस नेत्याने बसवरून भर रस्त्यात फाडलं होतं. पिक्चरला प्रौढांचं प्रमाणपत्र मिळालं तरी पोस्टर रस्त्यावर सगळ्या वयांना दिसतं, ही त्यातली खरी अडचण होती.

हे प्रमाणपत्र कुठवर चालतं ते कळायला आता नदीकडे येऊ. आदिलाबाद आणि यवतमाळ या दोन जिल्ह्यांमध्ये पैनगंगा आहे. अलीकडे पांढरकवडा, पलीकडे जैनद आणि बेला. दोन्ही काठांवर कापूस तोच आणि मराठीही जवळपास तीच. १९५६ ची राज्य पुनर्रचना झाली तेव्हा किनवट आणि राजुरा आदिलाबादमधून निघून मराठी मुलखात गेले, आणि बरीच मराठी गावं तेलुगू राज्यात राहिली. या गावांतली माणसं घरी मराठी मालिका बघतात, टॉकीजमध्ये तेलुगू पिक्चर बघतात आणि हिंदी दोन्हीकडे. मुंबईत प्रमाणपत्र मिळालेला मराठी पिक्चर आदिलाबादेत त्याच कागदावर चालतो आणि हैदराबादचं प्रमाणपत्र घेतलेला तेलुगू पिक्चर यवतमाळात. याचं कारण घटनेत आहे. चित्रपटाला प्रदर्शनाची मंजुरी देणं हा विषय केंद्राच्या यादीत साठाव्या क्रमांकावर आहे. पण ज्या इमारतीत तो दाखवायचा ती इमारत, तिचा परवाना, खेळांच्या वेळा, तिकिटाचा दर, हे राज्याच्या यादीतल्या तेहतिसाव्या विषयात येतं. त्यामुळे नदी ओलांडली की प्रमाणपत्र तेच राहतं आणि टॉकीजचा कायदा बदलतो. महाराष्ट्राचा सिनेमागृहांचा कायदा १९५३ चा, तेलंगणाला आंध्रकडून वारशाने मिळालेला १९५५ चा.

ही दोन खाती किती वेगळी आहेत ते तेलंगणाने अलीकडेच अनुभवलं. डिसेंबर २०२४ मध्ये ‘पुष्पा २’च्या खास खेळाला हैदराबादच्या संध्या थिएटरवर चेंगराचेंगरी झाली. एका बाईचा जीव गेला, तिचा लहान मुलगा गंभीर जखमी झाला. त्यानंतर तिकीटदर आणि जादा खेळांच्या याचिकांवर सुनावणी करताना तेलंगणा उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ च्या अखेरीस अंतरिम आदेश दिला, की सोळाच्या आतल्या मुलांना रात्री अकरानंतर आणि सकाळी अकराच्या आधी सिनेमाघरात सोडू नये. पिक्चर ‘यू’ असो की ‘यूए’, सरसकट. इथेही सोळाच, पण हा सोळा निराळा. तो पडद्यावर काय आहे याच्याशी संबंधित नव्हता, मूल किती वाजता घराबाहेर आहे याच्याशी होता. मल्टिप्लेक्सवाले लगेच न्यायालयात धावले. रात्री साडेनऊचा खेळ सुटायला बारा वाजतात, म्हणजे कुटुंबाचा तो आवडता खेळच बंद. मार्च उजाडता उजाडता न्यायालयाने ती बंदी मागे घेतली. पण त्या महिनाभरात गावोगावच्या लोकांच्या डोक्यात दोन सोळांची जी मिसळ झाली, ती अजून पुरती निवळलेली दिसत नाही.

मुळात वयाप्रमाणे सिनेमाची वाटणी ही आपल्याकडे स्वातंत्र्यानंतरची गोष्ट. इंग्रजांनी १९१८ मध्ये चित्रपटाचा कायदा केला, १९२० पासून मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि रंगून इथे मंडळं बसवली. त्यांना चिंता मुलांची नव्हती, राज्याची होती. शांतारामबापूंच्या ‘स्वराज्याचं तोरण’ला १९३० मध्ये ‘उदयकाल’ हे नाव घ्यावं लागलं ते त्यातल्या ‘स्वराज्या’मुळे. पिक्चर चालेल किंवा चालणार नाही, एवढेच दोन निकाल असायचे. १९४९ च्या दुरुस्तीने पहिल्यांदा ‘यू’ आणि ‘ए’ असे दोन वर्ग झाले. १९५१ मध्ये वेगवेगळी मंडळं मिळून एकच केंद्रीय मंडळ झालं आणि १९५२ मध्ये आजही लागू असलेला कायदा आला. मधला ‘यूए’ आला तो १९८० च्या दशकात, आणि १९८३ मध्ये मंडळाच्या पाटीवरून सेन्सॉर हा शब्द गेला. जिभेवरून तो अजून गेलेला नाही.

वयाने वाटणी करणं घटनेत बसतं का, याचा निकाल लावला ख्वाजा अहमद अब्बास यांच्या खटल्याने. चार शहरांमधली श्रीमंती आणि दारिद्र्य दाखवणारा एक छोटा माहितीपट त्यांनी केला. त्यात मुंबईच्या वेश्यावस्तीची काही दृश्यं होती, म्हणून मंडळाने ‘ए’ दिलं. अब्बास अडून बसले: मला ‘यू’ हवं, आणि मुळात आधीच तपासणी करण्याचा अधिकारच मला मान्य नाही. खटला चालू असतानाच सरकारने काही न कापता ‘यू’ देऊन टाकलं, पण अब्बास यांनी तत्त्वाचा प्रश्न सोडला नाही. १९७० मध्ये सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी निकाल दिला. चित्रपट माणसाच्या भावनांना पुस्तकापेक्षा जास्त खोल हात घालतो, म्हणून त्याची पूर्वतपासणी आणि वयानुसार वर्गवारी दोन्ही वैध आहेत, असं त्यांनी म्हटलं. मात्र कलावंताला वाव राहील असे निकष असायला हवेत, हेही त्यांनी बजावलं. हिदायतुल्ला नागपूरच्या मॉरिस कॉलेजचे विद्यार्थी आणि पुढे नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती.

नागपूरचा आणखी एक धागा इथे गुंतलेला आहे. एखादं दृश्य पाहून समाज बिघडेल की नाही हे कोणाच्या नजरेने ठरवायचं? सगळ्यात हळव्या माणसाच्या की सगळ्यात निबर माणसाच्या? १९४६ मध्ये नागपूर उच्च न्यायालयात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांच्यापुढे वृत्तपत्रावरच्या कारवाईचं एक प्रकरण आलं होतं. त्यात त्यांनी कसोटी सांगितली ती समंजस, खंबीर आणि धीट मनाच्या माणसाची. ज्याला प्रत्येक विरोधी मतात संकटाचा वास येतो त्याच्या कलाने जायचं नाही. १९८८ मध्ये गोविंद निहलानी यांची ‘तमस’ ही मालिका दूरदर्शनवर चालू असताना ती थांबवा म्हणून कोणी सर्वोच्च न्यायालयात गेलं, तेव्हा न्यायालयाने नागपूरची हीच कसोटी उचलली आणि मालिका चालू राहिली. पुढे सिनेमाच्या खटल्यांत ती वारंवार आली. आदिलाबादला हैदराबादपेक्षा नागपूर जवळ. वर्तमानपत्राच्या खटल्यातलं हे जुनं वाक्य थोड्या अंतरावरच जन्मलं, हे तिथल्या वाचकाला सांगायला मला आवडतं.

पण ही कसोटी प्रौढांसाठी आहे. सोळा वर्षांच्या मुलासाठी ती पुरेशी आहे का? इथे मंडळाच्या छोट्या थिएटरात काय चालतं ते पाहायला हवं. तेलुगू पिक्चर हैदराबादच्या कार्यालयाकडे जातो, मराठी मुंबईकडे. देशात अशी नऊ प्रादेशिक कार्यालयं आहेत. ७२ मिनिटांपेक्षा मोठा पिक्चर असेल तर मंडळाचा एक अधिकारी आणि सल्लागार मंडळातले चार सदस्य मिळून तो बघतात. सदस्य म्हणजे शिक्षक, वकील, डॉक्टर, लेखक, सामाजिक कार्यकर्ते अशी सरकारने नेमलेली माणसं. बायकांचं प्रमाण किती असावं तेही नियमात आहे. पिक्चर संपला की प्रत्येकाने आपलं मत स्वतंत्रपणे लिहून द्यायचं. मार्गदर्शक तत्त्वं १९९१ ची. त्यांचा गाभा असा की पिक्चर अख्खा बघून त्याचा एकूण परिणाम काय होतो ते तोलायचं. एकटं दृश्य उचलून निकाल द्यायचा नाही, आणि ज्या काळाची नि ज्या माणसांची गोष्ट आहे ते लक्षात घ्यायचं.

मग निर्मात्याला आत बोलावतात आणि खरी घासाघीस सुरू होते. ‘ए’ घेतलंत तर काही कापावं लागणार नाही. ‘यूए’ हवं असेल तर ही मान उडवलेली दिसते ते चार सेकंद काढा, ही शिवी बंद करा, रक्ताचा रंग उतरवा. निर्मात्याचं सगळं लक्ष धंद्यावर असतं. ‘ए’ घेतलं की सहकुटुंब येणारा प्रेक्षक गेला, दुपारच्या खेळाला येणारी शाळा-कॉलेजची पोरं गेली आणि टीव्हीचे हक्क अडकले. म्हणून तो बहुतेकदा कापतो. पटलं नाही तर पुनर्परीक्षण समिती असते. तिथेही जमलं नाही तर पूर्वी एक अपील न्यायाधिकरण होतं. ते २०२१ मध्ये मोडीत काढलं, आता थेट उच्च न्यायालय गाठायचं. काय कापलं त्याची नोंद प्रमाणपत्राच्या दुसऱ्या भागात होते. जुन्या प्रमाणपत्रांवर डाव्या खालच्या कोपऱ्यात छोटा त्रिकोण काढलेला दिसला की जाणकार समजायचे, कात्री लागली आहे. पडद्यावर तो कागद येतो तेव्हा प्रेक्षक मात्र समोशाची पिशवी उघडत असतो.

मुंबई उच्च न्यायालयाने या घासाघिशीत मंडळाला दोनदा चांगलंच फटकारलं आहे. २०१६ मध्ये ‘उडता पंजाब’च्या वेळी न्यायमूर्ती धर्माधिकारी आणि फणसळकर-जोशी यांनी मंडळाने सुचवलेल्या लांबलचक बदलांपैकी एकच कट ठेवला आणि ‘ए’ प्रमाणपत्र द्यायला लावलं. प्रौढांनाच दाखवायचंय ना, मग आणखी कशाला कापता, असा साधा सवाल त्यामागे होता. दुसरं प्रकरण मला जास्त बोलकं वाटतं. बालचित्र समिती ही सरकारचीच संस्था होती. तिने ‘चिडियाखाना’ हा मुलांचा पिक्चर केला आणि मंडळाने त्याला ‘यूए’ दिलं. शाळाशाळांतून दाखवायचा पिक्चर, त्याला ‘यू’ हवं म्हणून २०१९ मध्ये सरकारी संस्था सरकारी मंडळाविरुद्ध न्यायालयात उभी राहिली. तुम्ही प्रमाणपत्र देणारे आहात, लोकांनी काय पाहायचं ते ठरवणारे नाही, या आशयाचं न्यायालयाने सुनावलं. मुलांसाठी काढलेला पिक्चर मुलांपासून सांभाळावा लागतो, यावरून मधल्या पट्ट्यात किती गोंधळ असतो ते कळतं.

त्या पट्ट्यात रेघा ओढा, हे सांगितलं श्याम बेनेगल यांच्या समितीने, २०१६ मध्ये. मंडळाने कात्री ठेवून द्यावी, फक्त वय सांगावं, आणि ‘यूए’चे १२+ व १५+ असे दोन भाग करावेत, असं समितीचं म्हणणं होतं. बेनेगल जन्माने हैदराबादकडचे. ‘अंकुर’ आणि ‘निशांत’ या त्यांच्या सुरुवातीच्या दोन्ही चित्रपटांत तेलंगणाच्या जमीनदारीची गोष्ट आहे. ‘निशांत’ लिहिला विजय तेंडुलकरांनी, आणि त्यातला थोरला जमीनदार झाला अमरीश पुरी. आता थोडं विषयांतर. हाच अमरीश पुरी पुढे १९८४ मध्ये स्पीलबर्गच्या ‘इंडियाना जोन्स’मध्ये जिवंत माणसाच्या छातीतून हाताने काळीज काढताना दिसला. अमेरिकेत आईबाप मुलांना घेऊन गेले होते, कारण पिक्चरवर फक्त पालकांच्या मार्गदर्शनाचा शिक्का होता. ओरड झाली. स्पीलबर्गने स्वतःच मधला एक वर्ग सुचवला आणि त्याच वर्षी अमेरिकेत तेराची रेघ सुरू झाली. जगातल्या या सगळ्यात गाजलेल्या वयरेघेला आपल्या अमरीश पुरीचा हात लागलेला आहे, अक्षरशः.

दुसऱ्या देशांत या रेघांना वजन किती? ब्रिटनमध्ये ‘१५’ लिहिलं की पंधराच्या आतल्या मुलाला आत सोडायचंच नाही, आई बरोबर असली तरीही. अमेरिकेत ‘आर’ असेल तर सतराच्या आतल्या मुलाबरोबर मोठं माणूस लागतं, पण ती व्यवस्था चित्रपटधंद्याने स्वतःच स्वतःला घालून दिलेली आहे, कायद्याची नाही. आपला ‘१६+’ या दोन्हींपेक्षा सैल. मला स्वतःला तो सैल आहे हे बरं वाटतं. पंधरा वर्षांच्या मुलीच्या वयाचा दाखला मागत बसायला जिल्ह्याच्या टॉकीजवर ना माणसं आहेत ना वेळ, आणि शेतावरून आलेलं सहा जणांचं कुटुंब एका मुलीमुळे परत पाठवणं म्हणजे सगळ्यांचा रविवार घालवणं. पण सल्ला द्यायचा तर त्याचं कारणही द्यायला हवं. ब्रिटनचं मंडळ आकड्याबरोबर चार शब्दांत सांगतं, मारामारी आहे, शिव्या आहेत, लैंगिक दृश्य आहे. आपल्याकडे तिकीटखिडकीवर आणि पोस्टरवर हाती पडतो तो कोरडा आकडा. रक्त बघवत नाही म्हणून हा १६+ आहे की त्यात आत्महत्येचा प्रसंग आहे म्हणून, हे कळल्याशिवाय बापाने मार्गदर्शन करायचं ते कशाच्या आधारावर? एका मुलाला भुताची भीती वाटते, दुसऱ्याला हाणामारी बघून चेव येतो. सोळा हा आकडा दोघांनाही तेच सांगतो.

आणि काही भांडणं वयाच्या चौकटीत बसतच नाहीत. याचं सगळ्यात ठळक उदाहरण आदिलाबादचंच. ऑक्टोबर २०२० मध्ये राजामौलींच्या ‘आरआरआर’ची झलक यूट्यूबवर आली. त्यात कोमराम भीमच्या डोक्यावर मुसलमानी टोपी दिसली. भीम हा जोडेघाटच्या डोंगरात निजामाशी लढताना १९४० मध्ये मारला गेलेला गोंड नायक. जल, जंगल, जमीन ही घोषणा त्याच्याच नावाने ओळखली जाते, आणि जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातून २०१६ मध्ये निघालेल्या एका जिल्ह्याला आज त्याचं नाव आहे. निजामाशी लढलेल्या माणसाला त्या वेशात दाखवलं म्हणून आदिवासी संघटना संतापल्या. आदिलाबादचे तेव्हाचे खासदार सोयम बापूराव यांनी तर असा पिक्चर लावणारी थिएटरं जाळली जातील असा जाहीर इशारा दिला. पुढे तेलंगणा उच्च न्यायालयात याचिका झाली, तीही फेटाळली गेली, आणि २५ मार्च २०२२ ला पिक्चर लागला तो ‘यूए’ घेऊन. त्यात भीमला काट्यांच्या चाबकाने फोडून काढतात तो लांबलचक प्रसंग आहे. अंगावरून रक्त वाहतंय, गुडघे टेकत नाहीत, आणि तो गातो आहे. दहा-अकरा वर्षांच्या मुलांनी तो आईबापांच्या मांडीला मांडी लावून पाहिला, कारण तेव्हा रेघ बाराची होती आणि तीही सल्ल्यापुरती. टोपीवरून वर्षभर वाद झाला, चाबकाबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. मुलांच्या काळजीचं सामाजिक गणित असं आहे.

त्या झलकेला कोणाचंच प्रमाणपत्र नव्हतं, हीदेखील लक्षात घेण्यासारखी गोष्ट. टॉकीजमध्ये दाखवायच्या झलकेला मंडळाचं प्रमाणपत्र लागतं, यूट्यूबवरच्या झलकेला नाही. बेला किंवा जैनदच्या घरातलं पंधरा वर्षांचं पोर टॉकीजमध्ये वर्षातून किती वेळा जातं? मोबाइल मात्र रोज हातात असतो. तिथल्या मालिकांसाठी आणि चित्रपटांसाठी वेगळे नियम आहेत, फेब्रुवारी २०२१ चे. खरं तर ७+, १३+, १६+ हे आकडे आपल्याकडे आधी तिथेच आले आणि मग दोन वर्षांनी टॉकीजच्या कायद्यात उतरले. फरक एवढाच की मोबाइलवर वर्ग ठरवतं ते मंडळ नाही, दाखवणारी कंपनीच. पण कारण सांगण्याची सक्ती तिथे आहे. सुरुवातीलाच कोपऱ्यात हिंसा, शिवराळ भाषा, अमली पदार्थ अशी यादी येते. मूल ज्याची नक्कल करू शकेल असं वागणं हाही तिथल्या निकषांमधला एक. ‘१३+’ आणि त्यावरच्या सगळ्या गोष्टींना पालकांचं कुलूप आणि ‘ए’ला वयाची खातरजमा, असंही नियम म्हणतो. कुलूप आहे, किल्लीही आहे, पण घरात एकच फोन आणि त्यात बापाच्याच नावाचं एकच खातं असेल तर कंपनीच्या लेखी समोर बसलेला प्रेक्षक पंचेचाळीस वर्षांचाच. बापाने सेटिंगमध्ये जाऊन मुलाच्या वयाचं वेगळं खातं उघडलं आणि मोठ्यांच्या खात्याला चार आकडी पिन लावला, तरच तो १६+ खऱ्या अर्थाने अडवतो. टॉकीजपेक्षा जास्त कडकपणे अडवतो.

टीव्हीची तऱ्हा तिसरीच. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजमधल्या प्राध्यापक प्रतिभा नैथानी यांनी केबलवर सर्रास चालणाऱ्या प्रौढांच्या पिक्चरविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली. तिथून २००५ च्या सुमारास टीव्हीवर ‘ए’ बंद झालं. तेव्हापासून ‘ए’ पिक्चर टीव्हीवर आणायचा तर तो पुन्हा कापून खालच्या वर्गाचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. २०२३ च्या कायद्याने त्याला वेगळ्या प्रमाणपत्राची रीतसर सोय केली. मागितलं की मिळतंच असं नाही. मल्याळम ‘मार्को’त इतकी मारकाट होती की २०२५ मध्ये त्याला टीव्हीसाठी खालचा वर्ग द्यायला मंडळाने नकार दिला. जे पिक्चर कापून घेतात त्यांची मात्र मजेशीर स्थिती होते. आदिलाबादच्या टॉकीजवर ज्याला ‘ए’ म्हणून इंटरच्या मुलाला गेटवरून परत पाठवलं, तोच पिक्चर वर्षाने दिवाळीच्या दुपारी बैठकीतल्या टीव्हीवर ‘यूए’ होऊन येतो, मधली वीस मिनिटं गायब, शिव्यांच्या जागी टुंईक. आणि न कापलेला अख्खा पिक्चर तोवर बापाच्या फोनवर कधीचा येऊन पडलेला असतो.